पद्मिनीचे इंजिन : पहिल्या स्टार्टआधीची धाकधूक

प्रीमियर पद्मिनीचे इंजिन गाडीत बसवून आज आठ दिवस झाले, तरी ते चालू करण्याचे धाडस मी अजून केलेले नाही. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, अक्कलकोट रस्त्यावरच्या एका लेथवर बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून रुंद करून घेतला. सिलिंडरच्या मूळच्या ६८ मिलिमीटर व्यासात ०.४ ची भर पडल्याने १०८९ सीसीचे इंजिन हिशेबाने ११०२ सीसीचे झाले आहे. हा फरक अर्थातच कागदावर राहणार. बेअरिंग, पिस्टन, रिंगा, कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा), त्यावर घासणारे टॅपेट सगळे नवे आहे आणि काळजीचे मूळही तेच आहे; पहिल्याच स्टार्टला हे नवे भाग ऑइलविना घासले तर सगळे वाया.

सर्वांत मोठी धास्ती ऑइलची होती. डॅशबोर्डवरच्या नुसत्या ऑइलच्या दिव्यावर विसंबणे मला पटेना, म्हणून त्या दिव्याचा स्विच काढून त्या जागी ऑइलचा दाब दाखवणारे काट्याचे गेज लावले. मग कॉम्प्रेशनचा भार बेअरिंगवर पडू नये यासाठी चारही प्लग काढले, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर सोडवली आणि दहा-दहा सेकंदांचे चार सेल्फ मारले. काटा शून्यावरून हलला नाही. असा प्रत्येक जादा सेल्फ कॅमवर लावलेले ग्रीस पुसून काढतो, हे ठाऊक असल्याने मी तिथेच थांबलो. चूक माझीच होती. ऑइल पंप जोडताना त्यात ऑइल न भरता मी तो कोरडाच बसवला होता, आणि कोरड्या गिअरांना खालचे ऑइल ओढता येत नाही. गेज सोडवून त्याच भोकातून ऑइल कॅनने दाबून ऑइल भरले, तेव्हा पुढच्या सेल्फला काटा उचलला. टॅपेट कव्हर काढून वरच्या टोकाला झडपा दाबणाऱ्या रॉकरपर्यंत ऑइल पोचल्याचे डोळ्यांनी पाहिले, त्यानंतरच रात्री झोप लागली.

प्लगना क्रमाने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरनेही मला जवळजवळ फसवलेच होते. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, त्यामुळे पुलीवरची खूण जुळली तरी पहिला पिस्टन कॉम्प्रेशनवरच आहे असे नव्हे. प्लगच्या भोकावर अंगठा धरला तर हवेचा दाब लागेना. डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा रोटर चक्क अर्धा फेरा चुकलेला होता. तो फिरवून प्लगच्या वायरी १-३-४-२ या सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने पुन्हा लावल्या.

आता उरली ती नवा कॅम आणि टॅपेट एकमेकांवर बसण्याची पहिली वीस मिनिटे. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, कॅमवर पुरेसे ऑइल उडत नाही, म्हणून इंजिन लागताच ते दोन हजार आरपीएमच्या आसपास, थोडे वरखाली करत ठेवायचे आहे. झीज रोखणाऱ्या जस्ताचे प्रमाण चांगले असलेले ऑइल भरले आहे. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी हा प्रयोग करणे म्हणजे रेडिएटरचा अंत पाहणे. म्हणून रविवारी सकाळी सहाची वेळ ठरवली आहे. नळाला रोज पाणी येत नसल्याने दोन बादल्या आजच भरून ठेवल्या, मडगार्डवर जुनी चादर अंथरली आणि बॅटरी चार्जिंगला लावली आहे. काटा पाच सेकंदांत उचलला नाही, तर इंजिन कितीही गोड वाजत असले तरी किल्ली बंद करायची, एवढे मुलाला बजावून ठेवले आहे, कारण किल्लीवर तोच बसणार आहे.