सॅन ब्लासहून कार्ताहेना शिडाच्या बोटीने: जायचंच असेल तर उलट्या दिशेने जा

पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये रस्ता नाही. दारिएनच्या जंगलात पॅन-अमेरिकन हायवे शंभरेक किलोमीटर तुटलेला आहे, म्हणून लोक समुद्राने जातात. आम्हा दोघींना दलालाने पनामातल्या सॅन ब्लास बेटांपासून कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरापर्यंत 'पाच दिवस, निवांत, बेटाबेटांवरून' असं सांगून फेब्रुवारीतलं तिकीट विकलं. त्यातले तीन दिवस निवांत होते. उरलेल्या दोन दिवसांबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता.

बेटांबद्दल सगळेच लिहितात, त्यामुळे मी थोडक्यात सांगते. हा गुना या मूळनिवासी लोकांचा स्वायत्त प्रदेश आहे. पडलेला नारळही कुणाच्या तरी मालकीचा असतो, उचलू नका. टाकी लावून डुबकी मारायला बंदी आहे, नळी-चष्मा चालतो. एटीएम नाही. एक आणि पाच डॉलरच्या नोटा भरपूर ठेवा. पाणी काचेसारखं आहे.

चौथ्या दिवशी दुपारी नांगर उचलला आणि शेवटचं बेट मागे पडताच बोट एका कुशीवर कलली ती कललीच. डिसेंबर ते मार्च इथे ईशान्येकडून जोराचा वारा असतो आणि कार्ताहेना नेमकं त्याच बाजूला, साधारण दोनशे सागरी मैलांवर. म्हणजे वारा तोंडावर, लाटाही तोंडावर. 'स्वतंत्र केबिन' म्हणून जास्त पैसे घेऊन आम्हाला दिलेली खोली बोटीच्या अगदी नाकात होती. प्रत्येक लाटेला अंग गादीवरून वर उचललं जायचं आणि दाणकन खाली आपटायचं. डोक्यावरच्या झडपेचं रबर झिजलेलं, त्यातून खारं पाणी थेंबथेंब कपाळावर. मला बोट लागली ती चाळीसेक तास. केबिन निवडायची वेळ आली तर मधली घ्या. ती अंधारी असली तरी चालेल, पण नाकातली फुकट दिली तरी घेऊ नका. मळमळीची गोळी नांगर उचलण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करा. मी पहिल्या उलटीनंतर घेतली, ती पोटात टिकलीच नाही.

रात्री दोनला कप्तानाने मला हाक मारली. तो आणि एक पोरगेला खलाशी, दोघंही थकून गेले होते. मला सुकाणूजवळ बसवून म्हणाला, जहाजं बघ. पनामा कालव्याकडे जाणारी मालवाहू जहाजं तिथून सतत जातात. जहाजाचा लाल आणि हिरवा दिवा एकदम दिसला तर ते सरळ आपल्यावर येतंय, एवढंच शिकवून तो झोपला. पावणेचारला मला दोन्ही दिवे दिसले. कंबरेला बांधून बोटीला अडकवायचा पट्टा बोटीवर एकच होता आणि तो मी घातला होता, म्हणून सरकत जाऊन त्याला उठवता तरी आलं. पैसे देण्याआधी विचारा: रात्री पहारा कोण देणार, खलाशी किती, पट्टे आणि लाइफ जॅकेट किती. मोजून दाखवायला सांगा. 'काळजी करू नका' असं उत्तर आलं तर दुसरी बोट बघा.

पैशांचंही तसंच. 'सगळं धरून' ठरलेल्या भाड्यावर तिसऱ्या दिवशी, बेटांमध्येच असताना, कोलंबियातल्या कागदपत्रांचे म्हणून माणशी साठ डॉलर मागितले. पासपोर्ट कप्तानाच्याच ताब्यात होते, दिले. गुनांचा प्रवेशकर, किनाऱ्यापर्यंतची जीप, बंदराचा खर्च आणि दोन्ही देशांचे शिक्के, यातलं भाड्यात काय आहे ते लेखी घ्या.

कार्ताहेनाहून पनामाकडे गेलात तर तोच वारा पाठीशी येतो. बोट डुलते, पण आपटत नाही, आणि मार खाऊन झाल्यावर बेटं मिळतात. आमच्या दिशेने मी कुणालाही जा म्हणणार नाही.

आणि तरीही, सहाव्या दिवशी पहाटे कार्ताहेनाच्या तोंडाशी असलेल्या बोकाचिकाच्या सामुद्रधुनीत शिरलो, पाणी एकाएकी सपाट झालं, किल्ल्याच्या भिंतीवर ऊन पडलं आणि आम्ही दोघी मोठ्याने रडलो. एवढा आनंद मला फार कमी वेळा झालाय.

पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला जवळ असू द्या. तो नसेल तर या भागातून भारतात परतताना विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.