तुम्ही विचारलेत म्हणून: सिस्टरांचा झगा आणि दोन चोर

‘सख्खी मावशी सिस्टर, म्हणजे नन, असताना तुम्हांला “नन्स ऑन द रन” आवडतोच कसा?’ वसईत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात आणि आता माझ्या मुलीच्या मैत्रिणींकडूनही हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की एकदाचे सविस्तर उत्तर द्यावे असे ठरवले.

जोनाथन लिन ह्यांचा १९९० सालचा हा ब्रिटिश चित्रपट मला आवडतो, आणि ते मी कधी लपवलेले नाही. ब्रायन आणि चार्ली हे दोन गुंड आपल्याच टोळीला दगा देऊन पैशांसकट पळतात, पाठलाग अंगाशी येतो तेव्हा एका कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या मठात, शिरतात आणि झगे चढवून सिस्टर होतात, एवढीच त्याची गोष्ट आहे. तो न पाहताच नावे ठेवणाऱ्यांना मी सांगत आले आहे की त्यात सिस्टरांची टवाळी नाही. फजिती होते ती त्या दोघांची. रॉबी कोल्ट्रेनचा चार्ली कॅथलिक संस्कारांत वाढलेला आणि एरिक आयडलचा ब्रायन त्या बाबतीत अगदी कोरा. म्हणून चार्ली त्याला पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, हे समजावू लागतो, आयर्लंडच्या संत पॅट्रिकच्या नावाने सांगतात तो शॅमरॉक ह्या तीन पानांच्या रोपट्याचा दाखला देतो, आणि समजावता समजावता स्वतःच अडकतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात लहान मुलांनी मला नेमके तेच प्रश्न विचारले आहेत. त्या प्रसंगात मला श्रद्धेचा अपमान कधी दिसला नाही, आजही दिसत नाही.

पण मावशीविषयी मात्र मी आजवर अर्धेच सांगितले.

ती मे महिन्यात रजेवर घरी आली होती. ‘अशी ही बनवाबनवी’ तिने आमच्याकडे कितीतरी वेळा पाहिला होता आणि दर वेळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती, म्हणून मी मोठ्या हौसेने हा चित्रपट लावला. पुरुषांनी बायकांचे कपडे घालण्याचे तिला वावडे नव्हते, हे त्यासाठी सांगते आहे. ती मोड आलेले वाल सोलत बसली होती. ते दोघे घाईघाईने झगे अंगात घालू लागले तेव्हा तिचा हात परातीतच थांबला. शेवटपर्यंत ती बसून राहिली, पण त्यानंतर एकही वाल सोलला गेला नाही.

रात्री तिने मला खोलीत बोलावले आणि डोक्यावर घेण्याचे आपले पांढरे कापड माझ्या हातात ठेवले. कडा विरलेल्या होत्या, एका बाजूला तिने स्वतः बारीक टाक्यांनी दुमडून शिवले होते, आणि कोपऱ्यात दोन टाचण्या खोचलेल्या होत्या. ती म्हणाली, ‘हे मिळायच्या आधी मी दोन वर्षं थांबले गं. त्या दिवशी एकेक कपडा हातात देताना मदर एकेक प्रार्थना म्हणत होत्या. ह्यांना किती घाई!’

मी म्हटले, ‘मावशी, सिनेमा आहे तो, एवढं काय मनाला लावून घेतेस?’

तिने कापड घडी घालून पिशवीत ठेवले. ‘नाही लावून घेत,’ म्हणाली, आणि पुन्हा कधी माझ्याबरोबर कोणताही चित्रपट पाहायला बसली नाही.

ते वाक्य बोलणाऱ्या त्या वेळच्या माझ्याशी मी अजून भांडते आहे. सोंग म्हणजे सोंग, कापड म्हणजे कापड, असे तेव्हा माझे म्हणणे होते. पण मग त्या दोघांना दारात कोणी अडवत का नाही? झगा दिसला की माणूस पुढचे विचारत नाही, हा विश्वास मावशीसारख्या बायकांनी आयुष्य घालवून मिळवलेला आहे, आणि चोर त्यावर तरून जातात. चित्रपट संपताना तर ते हवाई सुंदरींचे कपडे घालून निसटतात, म्हणजे त्यांच्या लेखी झगा आणि गणवेश सारखेच. मावशीला नेमके हेच लागले असावे.

तरीही त्याच चित्रपटाने मला दुसरेही काही दाखवले, आणि ते तिला सांगायचे राहून गेले. गाडीत लोक तिला उठून जागा देत, ‘सिस्टर, बसा’ म्हणत. तिचे नाव मात्र कोणी विचारत नसे. झग्याखाली दोन पुरुष असले तरी कुणाच्या ध्यानात येत नाही, ह्याचा अर्थ चेहऱ्याकडे कुणी बघतच नाही. हे तिला पटले असते की आणखी लागले असते, ते मला ठरवता येत नाही. ती जाऊन आता सहा वर्षे झाली. टाचण्यांसकट ते कापड तिच्या डोक्यावरच राहिले.

परवा मुलीने ‘लावू का तो सिनेमा?’ म्हणून विचारले. मी ‘लाव’ म्हटले. ते दोघे कॉन्व्हेंटमध्ये शिरले तेव्हा मी पाणी आणायला उठले, आणि शॅमरॉकच्या प्रसंगाला परत येऊन बसले.