दार आधी काट्याला लटकवा

३४.२ किलो. माझ्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार काच, आरसा, मोटर, पॅड अशा सगळ्या सामानासकट हुकाच्या काट्याला लटकवलं, तेव्हा एवढं भरलं. दोन दारं धरली तर ६८ किलोंच्या वर. म्हणजे शेजारच्या सीटवर एक धडधाकट माणूस कायमचा बसवून मी ट्रॅकवर प्रत्येक लॅप, म्हणजे फेरी, मारत होतो.

गाडी नव्वदच्या दशकातली, दोन दारांची कूपे. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं आणि म्हणून जडही असतं. वजन उतरवण्यासाठी मागची सीट, कार्पेट, आवाज दाबणारे डांबरी पट्टे हे सगळं आधीच निघालं होतं. पुढची मोठी शिकार म्हणजे दारं, हे उघड दिसत होतं. पण हलकी दारं विकत घ्यायला निघालो आणि सहा महिने गेले. त्यात जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण या विषयात विक्रेत्याने सांगितलेलं वजन आणि गाडीला बसल्यावरचं वजन यांत फार मोठं अंतर असतं. पैसे त्या अंतरातच बुडतात.

आधी दार उघडून आत काय आहे ते पाहू. मी एकेक वस्तू काढून वजन लिहून ठेवलं. काच ४.३ किलो. काच वरखाली करणारा रेग्युलेटर आणि मोटर ३.१. आतलं पॅड २.९. स्पीकर आणि वायरिंग १.६. आरसा १.४. लॅच (दार अडकवून धरणारी खिट्टी), हँडल, कुलूप १.५. रबरं, प्लास्टिकचा पडदा आणि डांबरी पट्टे १.२. हे सोळा किलो नुसत्या पान्याने आणि स्क्रूड्रायव्हरने निघतात, ग्राइंडर लावावा लागत नाही. राहिला तो १८.२ किलोंचा पत्र्याचा सांगाडा आणि त्याच्या पोटातली आडवी तुळई.

या तुळईबद्दल मला मनापासून सांगायचंय. बाजूने दुसरी गाडी आदळली तर दार आत घुसू नये म्हणून ती तिथे असते. अमेरिकेत दाराच्या बाजूच्या ताकदीचा नियम १९७३ पासून लागू झाला. त्याआधीची दारं हलकी असायची, पण त्या हलकेपणाची किंमत आत बसलेल्याने मोजलेली आहे. त्यामुळे रोल केजमध्ये, म्हणजे आत बसलेल्याला वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्यात, दाराच्या आडव्या नळ्या बसल्याशिवाय मी तुळईला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. नळ्या फुकट येत नाहीत, त्यांचंही वजन असतं. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या केज नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटर आणि बाकीच्या नळ्यांसाठी ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ अशी किमान मापं आहेत. ४० बाय २ ची पोलादी नळी मीटरला जवळजवळ १.९ किलो भरते. माझ्या गाडीत एका बाजूच्या दाराच्या नळ्यांची फुली साधारण २.६ मीटरची झाली, म्हणजे पाच किलो. हे पाच किलो मी आनंदाने उचलले. दारातून काय वाचलं याचा हिशोब करताना ते वजा करायला मात्र विसरू नका. आणि असं पोकळ केलेलं दार फक्त ट्रॅकसाठी. केज असलेली गाडी हेल्मेट न घालता रस्त्यावर चालवायची नसते, तो वेगळा विषय झाला. तुम्ही ज्या स्पर्धेत उतरता तिचं नियमपुस्तक कापायला बसण्याआधी वाचा. बऱ्याच ठिकाणी दाराचा आतला भाग काढायला परवानगी असते ती केजच्या नळ्या दाराच्या पोकळीत शिरत असतील तरच.

आता बाजाराकडे वळू. पहिला मोह कार्बनचा. कार्बन फायबरची घनता पोलादाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढी, त्यामुळे आकडे डोळे दिपवणारे असतात. पण माझ्या आवाक्यातलं जे काही 'कार्बन दार' म्हणून समोर आलं, ते उलटं करून पाहिल्यावर आत काचेच्या तंतूंची पांढुरकी, केसाळ चटई दिसली. ते फायबरग्लासचं दार होतं आणि वर शोभेला कार्बनचं एक कापड. शोभा हवी असेल तर हरकत नाही, पण वजनासाठी त्यात काही नाही. म्हणून दार नेहमी मागून बघावं.

दुसरा रस्ता फायबरचा, म्हणजे फायबरग्लासचा, आणि मी त्याच रस्त्याने गेलो. एका माणसाकडे माझ्या गाडीची वापरलेली फायबर दारांची जोडी होती. तो म्हणाला, एक दार पाच किलो. माझ्या काट्यावर ६.४ भरलं. तरी मी घेतली. सांगाड्याशी सांगाडा लावला तर बारा किलोंचा फरक, कोण सोडेल?

मग बसवायला घेतली. फायबरला बिजागरीचे बोल्ट थेट पकडत नाहीत. हळूहळू भोक मोठं होतं आणि दार लोंबतं. म्हणून आतून पोलादी पट्टी चिकटवून, रिव्हेट मारून, वर पुन्हा चटई चढवावी लागते. लॅचच्या जागीही तेच. तेवढ्यात २.१ किलो चढले. माझ्या मूळ दाराला काचेभोवती पत्र्याची चौकट आहे, फायबरच्या दाराची चौकट मात्र बोटाने दाबली तरी वाकायची, म्हणून तिला आतून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिली. ०.७ किलो. खिडकीचं पॉलीकार्बोनेट (काचेऐवजी लावायचं पारदर्शक प्लास्टिक) १.६, लॅच आणि कुलूप १.१, छोटा आरसा अर्धा किलो. मग खळगे भरायला लांबी (पुट्टी), घासकाम, प्रायमर, रंग, मिळून ०.९. दार गाडीवर चढलं तेव्हा १३.३ किलोंचं होतं. पाच किलोंचं दार १३.३.

आणि बसलंही नीट नाही. मागच्या खालच्या कोपऱ्यात ९ मिलिमीटरची फट, वरच्या कोपऱ्यात दार चौकटीला घासतंय. पॉलिएस्टर रेझिनची वस्तू साच्यातून लवकर काढली की नंतर आकसते आणि वळते. मूळ साचाच एखाद्या ठोकलेल्या दारावरून काढला असेल तर ती खोट प्रत्येक नगात उतरते. फट बुजवायची म्हणजे पुन्हा चटई, पुन्हा लांबी, पुन्हा वजन. चटई लावताना एक लक्षात ठेवा. साध्या चटईतला बांधणारा थर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, तेव्हाच ती वळणावर नीट बसते. इपॉक्सीत तसं होत नाही, चटई ताठच राहते. इपॉक्सी वापरायचं असेल तर विणलेलं कापड घ्या.

उजवं दार मी बसवलंच नाही.

कारखान्यातून आलेली अ‍ॅल्युमिनियमची दारं ही तिसरी वाट. ज्याच्या नशिबात असेल त्याने आधी हीच तपासावी. पोर्शे ९२८ ला दारं, बॉनेट आणि पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे होते. बीएमडब्ल्यूच्या ३.० सीएसएलला दारं अ‍ॅल्युमिनियमची होती, पुढे १९९५ च्या ई३६ एम३ लाइटवेटलाही. अशा खास आवृत्तीची दारं मिळणं अवघड आणि मिळाली तर संग्राहकांच्या भावात. पण आपल्या गाडीच्या गोतावळ्यात असं काही आहे का, हे शोधायला काही लागत नाही. नसेल तर सर्वात साधी आवृत्ती शोधा, हाताने काच फिरवायची, स्पीकर नसलेली. माझ्या गाडीच्या कुटुंबात अ‍ॅल्युमिनियम नव्हतंच.

मग मी भंगाराच्या यार्डात गेलो, आणि तिथे जे कळलं ते आधी कळलं असतं तर सहा महिने वाचले असते. यार्डवाल्याचा पैसा दाराच्या पत्र्यात नसतो. तो असतो काचेत, मोटरमध्ये, आरशात, पॅडमध्ये. ते सगळं विकून झालं की उरलेला सांगाडा जागा अडवतो, आणि शेवटी किलोच्या भावाने वितळायला जातो. म्हणजे मला जे नको ते त्याने आधीच काढून विकलेलं असतं, आणि मला जे हवं ते त्याला नको असतं. मी विचारलं, "काच-मोटर गेलेली दारं आहेत का, रंग कुठलाही चालेल." त्याने मागच्या भिंतीला टेकवलेली तीन दाखवली. एक हिरवं, दोन राखाडी. फायबरच्या जोडीला जे पैसे मोजले त्याच्या दहाव्या हिश्श्यात दोन दारं घरी आली.

निवडताना खालची कड आधी पाहिली. पाणी निघायची भोकं तिथेच असतात, ती बुजली की दार आतून गंजतं. बाहेरून चुंबक फिरवला. जिथे पकडत नाही तिथे लांबी भरलीय, आणि लांबी म्हणजे वजन. बिजागरी आणि लॅच त्याच गाडीचे घेतले. पत्र्याला पोचा असला तर चालतो, पण बिजागरीकडची बाजू पिळलेली नको. हिरव्या दाराला तिथे एक सुरकुती होती, म्हणून ते सोडलं.

कापताना पहिल्या दाराला माझ्याकडून चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. मी ते टेबलावर आडवं ठेवून कापलं. आतला पत्रा सुटल्यावर दार हलकेच पिळलं आणि गाडीला लावल्यावर मागचा कोपरा ६ मिलिमीटर बाहेर आला. तो सरळ करण्यात दोन रविवार गेले. दुसरं दार गाडीलाच लटकवलं, लॅच लावून बंद केलं आणि आत बसून कापलं. जागच्या जागी राहिलं. बिजागरी आणि लॅचभोवती तळहाताएवढा पत्रा पूर्ण सोडला, चारही कडांना दोन बोटं रुंद पट्टी ठेवली. कोपऱ्यांत आधी होल सॉने गोल भोकं पाडली आणि मग ती जोडत कापत गेलो. काटकोनी कोपरा ठेवला की तिथूनच भेग जाते. तुळई टोकांच्या स्पॉट वेल्डवर (ठिपक्यांसारख्या जोडांवर) सुटते, पण ती कडक पोलादाची असते, साधं ड्रिल बिट तिच्यावर नुसतं तापतं. मी तुळईला न छेडता तिच्या टोकांच्या कानांचा मऊ पत्रा कापला.

तुळई २.८ किलो, आतला पत्रा ४.३. सांगाडा ११.१ वर आला. आत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा रिव्हेट केला, म्हणजे धारदार कडा हाताला लागणार नाहीत. उरलेल्या कडांना रबर बीडिंग. आतल्या हँडलच्या जागी कापडी पट्टा, पोर्शेच्या जीटी३ आरएसमध्ये असतो तसा, ओढला की लॅच सुटतं. केजच्या नळ्यांमधून, बेल्ट बांधलेल्या अवस्थेत तो हाताला येतो का, हे डोळे मिटून दहादा करून पाहिलं. सगळं लावून दार १५.३ किलो.

म्हणजे महागड्या, न बसणाऱ्या फायबरच्या दारापेक्षा बरोबर दोन किलो जास्त. आणि मूळ दारापेक्षा १८.९ किलो कमी. दोन्ही बाजूंचे मिळून ३७.८, त्यातून केजच्या फुल्यांचे दहा गेले.

खिडकीबद्दल थोडं. हे वजन उंचावरचं असतं, त्यामुळे इथला प्रत्येक किलो खालच्या किलोपेक्षा मोलाचा. पॉलीकार्बोनेटची घनता काचेच्या निम्म्याहून कमी. ३ मिलिमीटरची शीट घ्या, वरून ओरखडे रोखणारा थर दिलेली. अ‍ॅक्रिलिक घेऊ नका, ते फुटलं की टोकदार तुकडे होतात. भोकं बोल्टपेक्षा मोठी पाडा. एक मीटरची शीट ४० अंशांच्या फरकात अडीच मिलिमीटरहून जास्त वाढते, पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. माझ्या पहिल्या खिडकीत मी बोल्ट सुटू नयेत म्हणून थ्रेडलॉकरचा एकेक थेंब टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचा दिवा लावला तर प्रत्येक भोकाभोवती केसाएवढ्या बारीक रेषांची चांदणी उमटलेली. नखाला लागत नव्हती, पण तिरप्या उजेडात लख्ख दिसत होती. त्या रसायनाने पॉलीकार्बोनेट तडकतं. शीट गेली. आता नायलॉनचा नट, खाली रबरी वॉशर, आणि पुसायला साबणाचं पाणी.

मूळ दारं चादरीत गुंडाळून ठेवली आहेत, एकाही जागी न कापलेली. फायबरचं उजवं दार भिंतीला टेकून आहे. त्याच्या आकाराचा उपयोग बिजागरीच्या पट्ट्यांचे कागदी नमुने काढायला झाला. आता बाहेरचा पत्रा तुळईविना वेगात थरथरतो, तो दाबायला आतून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ अँगल चिकटवलाय. गोंद पूर्ण वाळला की चारही चाकांखाली काटे ठेवून गाडी पुन्हा तोलायची आहे. मी आत बसून, पेट्रोल अर्धं भरून.