मॉडेल: उंदीर

परवा रात्री मोबाइल रिपेअरच्या दुकानाचं शटर ओढता ओढता लॅबमधल्या भाचीचा मेसेज आला, एकच फोटो आणि खाली "मामा, हे काय आहे सांग बघू". बघितलं तर पिवळट पातळ पट्टी, त्यावर तांब्याचं वेटोळं, एका टोकाला दाभणासारखी शेपटी. म्हणलं कुठल्यातरी घड्याळाची कॉइल दिसतीय, मॉडेल सांग. तर म्हणे मॉडेल उंदीर.

मग तासभर फोन. पट्टी पॉलीइमाइडची, म्हणजे आपण फोनाच्या बोर्डावर गरम हवा मारताना (हॉट एअर) आजूबाजूला लावतो ती पिवळी टेप असते ना तेच मटेरियल, आणि ही जाते उंदराच्या डोक्यात. वेटोळं कातड्याखाली, शेपटी मेंदूत, शेपटीच्या टोकाला एलईडी.

आता मेंदूला उजेड कळतो का, तर नाही, कवटीत अंधारच की. पण गोड्या पाण्यातल्या एका हिरव्या शेवाळाला कळतो, त्यात एक प्रोटीन असतं, निळा उजेड पडला की त्याचं दार उघडतं. त्या प्रोटीनचा जीन व्हायरसमधून उंदराच्या ठराविक पेशींत सोडायचा, मग लाइट लावला की तेवढ्याच पेशी जाग्या होतात, शेजारच्या ढिम्म. करंट दिला असता तर आजूबाजूचं सगळंच हललं असतं. २००५ ला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बॉयडन, डायसेरॉथ वगैरे लोकांनी डिशमध्ये वाढवलेल्या मेंदूपेशींवर हे करून दाखवलं.

पुढची अडचण मात्र आपल्या लाइनीतली. आधी उजेड आत न्यायला काचेची फायबर खुपसायचे, वर केबल, उंदीर फिरला की पीळ. आणि मेंदू म्हणजे लागलेलं दही, श्वासागणिक हलतो, त्यात ताठ काच ठेवली की आजूबाजूला व्रण धरतो. म्हणून सगळा खटाटोप मऊ करायचा. २०१३ ला जॉन रॉजर्स आणि मायकेल ब्रुकस या अमेरिकेतल्या संशोधकांच्या टीमने ५० मायक्रॉनचे एलईडी पातळ पट्टीवर बसवले (फोनातला ०१००५ साइझचा कपॅसिटर, म्हणजे जेमतेम दिसणारा कण, उचलताना मी श्वास रोखतो, त्याच्या रुंदीत असे चार बसतील!!). पण एवढी लिबलिबीत पट्टी आत घुसणार कशी? तर सुईला रेशमाच्या प्रोटीनने चिकटवली, आत गेल्यावर रेशीम विरघळलं, सुई अलगद बाहेर, पट्टी आत. हे ऐकून मी दोन मिनिटं गप्पच.

आणि बॅटरी नाही बरं का. पिंजऱ्याभोवती अँटेना, कातड्याखालचं वेटोळं तिच्यातूनच वीज घेतं, १३.५६ मेगाहर्ट्झ, म्हणजे मेट्रोचं कार्ड टॅप करतो तेच एनएफसी. २०२१ ला अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठवाल्यांनी असे उंदीर एकत्र सोडले, दोघांच्या मेंदूत एकाच तालावर लाइट मारला तर ते एकमेकांशी जास्त घसट करायला लागले, ताल बिघडवला की कमी.

लगेच यूट्यूबवर "माणसाचा रिमोट" वगैरे थंबनेल येतात, ते सोडा. त्याच २०२१ ला पॅरिसमध्ये एका अंध माणसाच्या डोळ्यात असा जीन घालून, खास गॉगल लावल्यावर त्याला टेबलावरची वही सापडली, ही खरी मोठी बातमी, पण ते डोळ्याच्या पडद्याचं काम, डोक्यात पट्टी नव्हती.

मी म्हणलं ते सगळं ठीक, पाण्याचं काय? पावसाळ्यात आमच्याकडे निम्मे फोन ओल लागलेलेच येतात आणि यांची पट्टी तर चोवीस तास खारट पाण्यात. म्हणाली पॅरिलीन नावाच्या प्लॅस्टिकचं कोटिंग वाफेने चढवतात, वर सिलिकॉन, तरी वाकते तिथून कधीतरी पाणी शिरतंच. आमची फोनातली वाकणारी स्ट्रिपपण घडीवरच जाते गं! मग तीच विचारायला लागली शॉर्ट कसा शोधतोस, म्हणलं बोर्डावर रोझिनचा (सोल्डरिंगच्या राळेचा) धूर बसवायचा, सप्लायवरून थोडा करंट द्यायचा, जिथे पांढरा थर आधी वितळेल तिथे शॉर्ट. जरा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणे बाद झालेले चार-पाच पीस पडलेत, दिवाळीला येताना आणते.