वजन कुठल्या पायावर आहे?

जूनपासून मी माणसं काढायला शिकतेय. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, स्मरणचित्रात बाजार, बसस्टॉप सगळं काढलंय, पण ती माणसं पाठ केलेली होती. आता वीस वर्षांनी समोर बघून काढायला लागले तर नाक-डोळे बरे यायचे, शेडिंगही जमायचं, पण माणूस उभाच राहायचा नाही, आत्ता पडेल असं वाटायचं. मी एक क्लास पण लावला होता, तिथे दोन महिने नुसत्या प्रिंट बघून कॉपी करायला लावलं आणि हा प्रश्न तसाच राहिला.

तो सुटला स्वारगेटला. तिथे बसची वाट बघणारी माणसं बघत बसले तेव्हा लक्षात आलं की दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभा असतो तो विठोबा, समचरण. बाकी सगळे एका पायावर रेललेले! ज्या पायावर वजन, त्या बाजूची कंबर वर जाते आणि तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो, आणि गळ्याच्या खळीतून ओळंबा सोडला तर तो साधारण त्याच पायाच्या घोट्यापाशी येतो. बासरीवाला कृष्ण किंवा अजिंठ्याचा पद्मपाणी आठवा, त्रिभंगात, म्हणजे मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळलेल्या त्या उभं राहण्यात, हेच तर आहे. मी चेहऱ्यापासून सुरुवात करायचे म्हणून पाय कागदावर जागा उरेल तिथे जायचे. आता आधी वजनाचा पाय, मग कंबरेची तिरकी रेघ, खांद्यांची उलट तिरकी रेघ, डोकं सगळ्यात शेवटी.

रोज रात्री मोबाईलवर टायमर लावून तीस-तीस सेकंदांची वीस चित्रं काढते. आप्पा बळवंत चौकातून स्वस्तातलं पॅड आणलंय, कागद चांगला असला की हात घाबरतो हे माझं पक्कं मत आहे. खोडरबर लांब ठेवायचा आणि रेघ मनगटातून न काढता खांद्यातून काढायची, बास. बाहेर कोणी हललं तर ते चित्र तसंच सोडून शेजारी दुसरं सुरू करायचं, माणसं थोड्या वेळाने परत त्याच पोझमध्ये येतातच.

उंची साडेसात डोकी, म्हणजे डोक्याच्या साडेसातपट, वगैरे माप उभ्या माणसाला ठीक आहे पण मंडईत ते फार कामाला येत नाही, कारण तिथे निम्मी माणसं बसलेली. एका मिरच्यावाल्या आजींना विचारलं, तुमचं चित्र काढू का, तर म्हणाल्या, "काढ की, मी कुठं पळून चाललेय." एक गुडघा वर, साडीचा घोळ जमिनीवर, हातात तराजू. झाल्यावर वही दाखवली तर लगेच म्हणाल्या, "हात बारका झाला गं माझा," आणि आपला पंजा चेहऱ्यावर ठेवून दाखवला, हनुवटीपासून पार केसांच्या रेषेपर्यंत पोचला. मी तोवर सगळ्यांचे हात आणि पाय लहानच काढत आले होते आणि मला ते दिसलंच नव्हतं.

गेल्या रविवारी परत गेले आणि फक्त त्यांचा तो हात काढला, तीनदा. तिसऱ्या वेळी बोटांवर तराजूचा भार आलेला दिसला.