पान उलटून पाहताना

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.

गल्लीतली होळी काल रात्री उशिरापर्यंत धगधगत होती. आज सकाळी मुले रंग घेऊन बाहेर पडण्याआधी मी पत्र्याचा डबा घेऊन गेले आणि ज्या बाजूला शेणी जळाल्या होत्या तिथली पांढरी, भुरभुरीत राख तेवढी भरून आणली. दुसऱ्या बाजूला कुणीतरी रंग दिलेल्या फळ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकल्या होत्या, त्यामुळे तिथली राख झाडांच्या उपयोगाची नव्हती. घरी येऊन जुन्या चाळणीने राख चाळली, कोळशाचे तुकडे वेगळे काढले आणि डब्यावर कागद चिकटवून त्यावर ‘फक्त वांगी’ असे लिहून ठेवले.

ही चिठ्ठी लिहावी लागली याचे कारण गेल्या वर्षीची माझी चूक. होळीची राख झाडांना चांगली असते, हे लहानपणापासून ऐकत आल्यामुळे गेल्या फाल्गुनात मी प्रत्येक कुंडीत मूठ-मूठ राख घातली आणि समाधानाने पाणी दिले. वैशाख लागतो न लागतो तोच कढीपत्त्याची शेंड्याची पाने पिवळी निघू लागली. पान पिवळे, पण त्यातल्या शिरा मात्र हिरव्या, जणू कुणी बारीक ब्रशाने हिरवी जाळी काढून ठेवली आहे. खालची जुनी पाने धडधाकट होती. झाडाला नत्र कमी पडले असते तर आधी जुनी पाने पिवळी पडली असती. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोह न मिळाल्याची खूण आहे. कुंडीत लोह नव्हते असे नाही. राख क्षारधर्मी असते, आमच्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीत मुळातच चुना भरपूर असतो, आणि त्यात राखेची भर पडली की मातीतले लोह मुळांना शोषता येईल अशा रूपात उरत नाही. म्हणजे ज्याला मी खुराक समजत होते त्याने झाडाचा घासच अडवला होता.

सासूबाईंनी कुंडीजवळ पाट मांडून ते झाड बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, कढीलिंबाला ताक लागतं. आंबट ताक. आणि त्यात दोन गंजके खिळे टाकून ठेव रात्रभर.” मला आधी तो जुना समज वाटला, पण विचार केल्यावर त्यातली संगती लक्षात आली, कारण ताकातले आम्ल खिळ्यावरचे लोह थोडे थोडे विरघळवते आणि मातीचा क्षारही किंचित कमी करते. एक वाटी ताक आणि दहा वाट्या पाणी, असे दर आठ दिवसांनी एकदा देत गेले. त्याआधी मातीचा वरचा चार बोटांचा थर काढून टाकला होता आणि तिथे पालापाचोळ्याचे कुजलेले खत भरले होते, त्यामुळे सगळे श्रेय ताकाला देणे मला योग्य वाटत नाही. भाद्रपदात नवी पाने हिरवी आली. पिवळी पाने मात्र पिवळीच राहिली आणि कालांतराने गळून गेली.

वांग्याला राख मातीत घालायची नसते, ती पानांवर धुरळायची असते. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला की सकाळी दव असताना मलमलीच्या फडक्यात बांधलेली राख हलक्या हाताने झटकायची. मऊ अंगाच्या किड्यांना ती कोरडी भुकटी सोसत नाही. दोन दिवसांनी पाने स्वच्छ पाण्याने धुवायची, कारण राखेचा थर तसाच राहिला तर पानाला ऊनही नीट मिळत नाही.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी.

आज दिवसभर बाहेर रंगांचा गोंधळ होता आणि मी मागच्या अंगणात जास्वंदीपाशी होते. हे गावठी लाल जास्वंदीचे झाड माझ्या फार जवळचे आहे. २०१९ च्या महापुरात, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या गावभागातल्या घराचा खालचा मजला पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर परतलो तर अंगणातल्या बहुतेक कुंड्या वाहून गेल्या होत्या, आणि ही जास्वंद सिमेंटच्या जड कुंडीत होती म्हणून जागेवर राहिली होती. तिच्या फांद्यांवर गाळ वाळून घट्ट बसला होता. मी ती गुडघ्याएवढी छाटली, आणि दीड महिन्याने तिला बाजूने पहिला कोंब फुटला. तेव्हापासून तिच्या एकेका फांदीची मला ओळख आहे.

आज सकाळी तिच्या खोडावरून काळ्या मुंग्यांची रांग वर जाताना दिसली. सासूबाई नेहमी सांगतात, “झाडाला औषध देण्याआधी पान उलटून बघावं.” मी पान उलटले. शिरेच्या बेचक्यात कापसाचे बारीक बोळे चिकटवावेत तसे पांढरे ठिपके होते, आणि चष्मा पुढे ओढून पाहिल्यावर त्यांतला एक ठिपका अगदी सावकाश सरकला. पिठ्या ढेकूण. कळ्यांच्या देठांशी तर त्यांची दाटी झाली होती, आणि खालच्या पानांवर चिकट चकाकी पसरून तिच्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरू लागली होती.

मुंग्या झाड खात नाहीत. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतात आणि जास्तीचा गोड द्रव बाहेर टाकतात. मुंग्यांना तो हवा असतो, म्हणून त्या या किडीची राखण करतात, तिच्या शत्रूंना हुसकावतात आणि तिला एका फांदीवरून दुसरीवर नेऊन सोडतातही. त्यामुळे मुंग्यांची वाट आधी बंद करावी लागते. पूर्वी मी कुंडीभोवती हळदीची रेघ ओढत असे, पण उघड्या अंगणात वारा आणि पाणी तिला टिकू देत नाहीत. आज ह्यांच्या मदतीने कुंडी उचलून जुन्या परातीत तीन विटांवर ठेवली आणि परातीत पाणी भरले. भिंतीला टेकलेली एक फांदीही छाटली, नाहीतर मुंग्यांना तो पूल झाला असता. छाटलेल्या जागी हळद पाण्यात कालवून तिचा लेप लावला. हे दिवस सांगलीत हळदीच्या हंगामाचे आहेत, मार्केट यार्डाच्या बाजूने गेले तरी नाकाला कळते, आणि आमच्या घरात नव्या हळकुंडांची पूड नुकतीच दळून आली आहे. हळदीला बुरशी काही प्रमाणात रोखण्याचा गुण आहे, आणि छाटलेली जागा वाळेपर्यंत तेवढे संरक्षण पुरते.

औषधही घरातच केले. रात्री चार रिठे भिजत घातले होते, त्यांचे पाणी कुस्करून गाळून घेतले. एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे ५ मिली निंबोळी तेल घातले आणि त्यात चार चमचे रिठ्याचे पाणी मिसळले. तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही, ते तरंगून वर येते आणि पहिल्या दोन फवाऱ्यांत नुसते पाणीच पडते, म्हणून फेस करणारा रिठा त्यात असावाच लागतो. शिवाय फेसामुळे किडीच्या अंगावरचा मेणचट थर निघतो, आणि तो निघाल्याशिवाय वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. फवारणीआधी जुन्या दात घासायच्या ब्रशाने प्रत्येक बेचका हळूहळू घासून काढला, याला सव्वा तास लागला. मिश्रण आधी एकाच पानावर लावून पाहिले आहे. उद्या संध्याकाळपर्यंत ते पान करपले नाही तर सगळ्या झाडावर फवारीन, तेही ऊन उतरल्यावर, कारण तेलाच्या पानावर दुपारचे ऊन पडले की पान भाजते, आणि संध्याकाळी मधमाश्याही परतलेल्या असतात.

२७ मार्च, गुरुवार.

दुसरी फवारणी केली. ढेकणांची अंडी त्या कापसाच्या बोळ्यांत सुरक्षित राहतात आणि पहिल्या फवाऱ्यातून सुटलेली अंडी आठवड्याभरात फुटतात, त्यामुळे एकदा फवारून निश्चिंत झाले तर पंधरा दिवसांनी पुन्हा तीच अवस्था होते. परातीतले पाणी रोज बदलते आहे, डासांची भीती असते.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

गुढीसाठी कडुलिंबाची डहाळी आणायला हे पहाटेच गेले होते. फुलोऱ्याने भरलेली डहाळी आली आणि सगळ्या पडवीत तो कडवट-गोड वास भरून राहिला. सासूबाईंनी कडुलिंबाची फुले, गूळ, हिंग, मिरे आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून चटणी केली. उरलेली पाने मी सावलीत वाळत घातली आहेत. ती धान्याच्या डब्यात जातील आणि काही कुंड्यांच्या मातीवर पसरीन.

झाडांसाठी खरे काम निंबोळीचे असते. गेल्या आषाढात वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांपैकी ५० ग्रॅम मी काल कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घातल्या होत्या. शेतकरी ज्याला पाच टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो हाच. दुहेरी फडक्यातून गाळून आज संध्याकाळी तो सगळ्या फुलझाडांवर फवारला. केलेला अर्क त्याच दिवशी संपवावा, तो साठवून ठेवण्याची वस्तू नाही.

मोगऱ्याला कळ्या धरल्या आहेत! फाल्गुनाच्या सुरुवातीला मी त्याच्या फांद्या तिसऱ्या हिश्शाने छाटल्या होत्या, जुनी पाने ओरबाडून काढली होती आणि आठ दिवस पाणी तोडले होते. झाड इतके केविलवाणे दिसत होते की शेजारच्या काकूंनी कुंपणावरून दोनदा विचारले, “अगं, वाळला का मोगरा?” आटपाडीकडे डाळिंबाचा बहार धरण्याआधी बागेला पाण्याचा ताण देतात, तेच तत्त्व कुंडीतल्या मोगऱ्यालाही लागू पडते. ताण सोडताना दोन ओंजळी शेणखत घातले आणि भरपूर पाणी दिले. आज प्रत्येक नव्या फुटव्याच्या टोकाला तीन-तीन कळ्या आहेत. ज्यांचा मोगरा नुसता पानांनी भरतो आणि फुलत नाही, त्यांनी तो बहुधा सावलीत ठेवलेला असतो. पाच-सहा तास थेट ऊन मिळाले नाही तर कोणतेही खत त्याला फुलवू शकणार नाही.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.

दुपारी बाहेर पाऊल ठेववत नाही, म्हणून घरातल्या झाडांकडे वळले. सगळ्या पानांवर उन्हाळ्याची धूळ बसली होती. ओल्या मऊ फडक्याने, एक तळवा पानाखाली धरून, मनीप्लांटचे प्रत्येक पान पुसले. पानावर चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावण्याची पद्धत मी मुद्दाम सोडली आहे, कारण तेलावर धूळ अधिक बसते आणि पानाची रंध्रे बुजतात.

बैठकीच्या खोलीतल्या कुंडीभोवती बारीक चिलटे उडत होती. दोष माझाच होता. रोज उरलेला चहा आणि चोथा मी तसाच त्या कुंडीत ओतत होते; दूध-साखरेमुळे मातीवर बुरशी धरली, माती सतत ओली राहिली आणि चिलटांनी तिथे अंडी घातली. चोथा तीन-चार पाण्यांनी धुऊन, खडखडीत वाळवून, खताच्या बादलीतच घालायला हवा होता. आज मातीचा वरचा थर काढला आणि दोन बोटे खोलवर कोरडे लागेपर्यंत पाणी द्यायचे नाही असे ठरवले आहे. चिलटांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरातच जगतात, त्यामुळे कोरडेपणा हाच त्यावरचा उपाय आहे. तांदळाचे धुवण मात्र मी अजूनही देते, पण त्याच दिवसाचे, पातळ, आणि आठवड्यातून एकदाच. स्नेक प्लांटला तर पंधरा दिवसांतून एकदा साधे पाणी पुरते.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती.

आज तिसऱ्या फवारणीची तयारी करून जास्वंदीपाशी गेले. परातीमुळे मुंग्या पूर्ण थांबल्या आहेत, काजळी धुऊन गेली आहे आणि शेंड्यांवर पोपटी पालवी आली आहे. सवयीने पान उलटले आणि दचकले. पांढऱ्या झिपऱ्या कापसाचा मोठा किडा, नेहमीच्या ढेकणाच्या दुप्पट लांबीचा, शिरेवरून भराभर चालत होता. मला वाटले की कीड आता अधिकच माजली आहे. ब्रश उचलला, पण त्याची चाल पाहून हात थांबला, कारण पिठ्या ढेकूण इतक्या वेगाने चालत नाही.

तासगावकडे माझ्या भाच्याची द्राक्षबाग आहे. सध्या तिकडे खरड छाटणीची गडबड चालू आहे, तरी त्याला मोबाईलवर फोटो पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. “मामी, त्याला मारू नका. ती क्रिप्टोलीमसची अळी आहे. पिठ्या ढेकूण खाते ती. आम्ही बागेत सोडायला विकत आणतो.” क्रिप्टोलीमस हा ढालकिड्यांच्या कुळातला भुंगेरा आहे, आणि त्याची अळी दिसायला आपल्या भक्ष्यासारखीच पांढरी असते. मुंग्या वर असत्या तर तिला इथे टिकणे कठीण गेले असते. मी पाटावर बसून पाहत राहिले. कळीच्या देठाशी एक ढेकूण उरला होता, त्याच्यापाशी अळी थांबली, आणि थोड्या वेळाने तिथे फक्त कापसाचा चिमूटभर धागा राहिला.

मी बाटलीतले औषध अंगणाच्या कोपऱ्यात ओतून टाकले.

१६ एप्रिल, बुधवार. संकष्टी.

जास्वंदीला आज तीन फुले आली. दोन सासूबाईंनी गणपतीला वाहिली. तिसरे मी तोडले नाही. त्याच्या देठामागच्या पानाखाली आणखी दोन अळ्या आहेत.