एकीला तांब्या, दुकीला डबा

दुपारी जेवून आडवं झालं की आमच्या इमारतीच्या डक्टमधून वरच्या मजल्यांचे फ्लश ऐकू येतात. पेपर छातीवर, डोळे मिटलेले, कान मात्र पाइपाला. छोटं बटण दाबलं असेल तर खळ्ळ करून विषय संपतो. मोठं असेल तर पाणी धडधडत पार तळमजल्यापर्यंत जातं आणि मग टाकी भरायची ती लांबलचक शीळ. माझ्या मनात लगेच येतं, एवढ्यात परत आले म्हणजे काम काही मोठं नसणार. मग बटण का मोठं? सभ्य माणसानं असले विचार करू नयेत, मान्य आहे. पण येतात.

ही दोन बटणं 1980 साली ऑस्ट्रेलियातल्या कारोमा कंपनीनं आणली. तो देशही आपल्या मराठवाड्यासारखा कोरडा, तेव्हा तिथंच सुचणार. आमच्या टाकीत छोट्याला 3 लिटर, मोठ्याला 6. जुन्या टाक्या एका दणक्यात दहा-बारा लिटर सोडायच्या, त्या मानानं बरंच म्हणायचं. पण पाहुणे येतात आणि दोन बटणं दिसली की दोन्ही दाबतात. लिफ्टपाशी वरचा आणि खालचा बाण एकदम दाबणारी ती हीच मंडळी.

लातूरच्या आमच्या घरात फ्लश नव्हता, डबा होता. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, तोंडावर आडवी लाकडी दांडी ठोकलेली. नळाचा भरवसा नसायचा, त्यामुळे न्हाणीत आईचं राज्य. भाज्या धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचं फेसाचं पाणी डब्यात. पांढऱ्या कपड्यांना नीळ घातली की ते पाणीही डब्यातच. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आमच्या संडासाचं भांडं निळंशार दिसायचं. पुढं पुण्यात लोक विकतची निळी वडी टाकीत टाकतात हे पाहिलं तेव्हा मला घरची आठवण आली! डबा कधी ओतायचा याचाही आईचा कायदा होता. "एकीला तांब्या, दुकीला डबा." शाळेत करंगळी वर करून बाईंना विचारतानाही मला आधी तांब्याच आठवायचा.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. आई फोनवर म्हणाली, "पाणी गाडीत बसून आलं बघ." पहिल्या फेरीला 10 वाघिणी, एकेकीत 50 हजार लिटर, म्हणजे एकूण 5 लाख. गावची वस्ती पावणेचार लाखांच्या वर. डोई सव्वा लिटर धरा. पुढं 50 वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, ते वेगळं. पण त्या पहिल्या दिवशी दोन लातूरकरांचं पाणी एकत्र केलं असतं तरी आमचं छोटं बटण भरलं नसतं. हा हिशेब मी एकदा पेपरच्या कोपऱ्यात मांडला आणि तेव्हापासून माझे कान असे बिघडलेत.

माझी बायको मिरजेची आहे.

मी फ्लशच्या टाकीत लिटरची भरलेली बाटली ठेवली होती, दर वेळी तेवढंच पाणी वाचावं म्हणून. तिला ती सापडली.

"यानं धड जात नाही, दोनदा दाबावं लागतं," ती म्हणाली. मला हे मान्य नाही. तसं मी म्हणालोही.

"तुमच्या अख्ख्या गावाला आमच्या मिरजेनं पाणी पाजलंय. मला नका शिकवू."

याला काय बोलणार? बाटली तिनं घासून घेतली, त्यात मनीप्लँट लावला आणि त्याला रोज ताजं पाणी घालते. तेही पिण्याचं.